वरच्या अंगाची ओल

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

बोरखळ, ता. मुरुड
२४ नोव्हेंबर २०२४

ती. गोदूवहिनींस शकूचा नमस्कार.

केतनने एस.टी.तून पाठवलेलं दिवाळीचं खोकं शेवटी हाती आलं. आत निघालं ते असं: साडी एक, मोरपिशी. ह्यांच्यासाठी सदरा एक, गळ्यात मोठा. चकल्या, निम्म्या मोडलेल्या. अगरबत्तीचे दोन पुडे. भिंतीवरचं घड्याळ, काच शाबूत. खोकं डेपोतून सोडवायला पन्नास रुपये आणि तिथून घरापर्यंत रिक्षा ऐंशी. तुम्ही मायेनं पाठवता, मी नको म्हणत नाही. पण पुढच्या खेपेला कोणी येणारं असेल त्याच्या हाती द्या. एवढ्या पैशांत मुरुडला न मोडलेल्या चकल्या मिळतात.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारची रंगू कुंपणावरून विचारते, "कोणाशी जुंपली?" शिवाय तुम्हीच म्हणालात, शेताबद्दल जे काय असेल ते लिहून पाठव. म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला ठाऊक असलेलंही लिहिते, म्हणजे मागाहून "हे सांगितलं नव्हतंस" व्हायला नको.

वाटणीत शेताचा वरचा अर्धा तुमच्याकडे आला, खालचा आमच्याकडे. मधे बांध घातला नाही, चार दगड ठेवले. मोठे भाऊजी गेले, तुम्ही लेकाकडे, केतनकडे कामोठ्याला गेलात, तेव्हापासून वरचा अर्धा पड आहे. ना भात, ना वाल. आम्ही खाली भात काढलं आणि रिवाजाप्रमाणे वाल टाकले. वालाला आपण पाणी देत नाही. विहीर लांब, पाट नाही. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल उगवायचे, फुलायचे आणि भरायचे. ती ओल म्हणजे डब्यातला महिनाअखेरीचा तांदूळ. नवीन भरणा नाही, आहे तोच होळीपर्यंत पुरवायचा.

आता माझ्या डब्याला वरून भोक पडलंय. तुमच्या अर्ध्यात तो उग्र वासाचा भांबुर्डा तणासारखा माजतो आहे. गेल्या वर्षी तो फुलला, त्याची म्हातारी होऊन उडाली आणि माझ्या वालात येऊन पडली. ती मी बसून वेचते आहे, त्याचं काही नाही. पण उतार तुमच्याकडून माझ्याकडे आहे. वरच्या अंगाची ओल झिरपत खाली येते, ती मधेच संपते. गेल्या वर्षी शेंगा निम्म्यानं भरल्या. यंदा म्हणून मी सासूबाईंच्या हातचं कडव्या वालाचं जे बी होतं ते सगळं टाकलंय. मडकं पालथं घातलंय. हे गेलं तर ते बी गेलं. बाजारातले वाल आणून बिरडं होईल, पण ते आपले वाल नव्हेत हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर तुमची परवानगी द्या. मी आणि रंगू मिळून वरचा अर्धा बेणून, तण काढून घेऊ. आता भांबुर्डा दोन बोटं आहे, खुरप्यानं सहज निघतो. मजुरी मागत नाही, चहासुद्धा मागत नाही. फक्त हो म्हणा.

आपली,
शकू

कामोठे
३ डिसेंबर

शकूस गोदूचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. साडीचा रंग आवडला का न्हाय ते एका शब्दानं लिवलं न्हायस. रिक्षाचे ऐंशी मात्र लिवलेस. तुला मी काय आजची वळखत न्हाय.

बेणायचं म्हणतेस. माझ्या शेतात तुझं काय काम? आज बेणशील. उद्या म्हणशील, बेणलंच हाय तर चार दाणे टाकते. परवा तलाठी येईल मोबाईल घेऊन, आन् फोटोत तू उभी. केतन सांगतो, आता पीकपाणी मोबाईलातच चढवतात. मग सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागंल? तू तसं करशील असं मी म्हणत न्हाय. पण हात लावायचा न्हाय.

आन् पड जमीन कोणाचं काय खाते? ती झोपलीय बिचारी. झोपलेल्याला शिधा लागतो व्हय? तुझे वाल भरत न्हाईत ते तू दाट टाकतेस म्हणून. सासूबाई पण तुला हेच सांगायच्या.

आगदीच डोळ्यात खुपत आसंल तर चंदरच्या शेळ्या सोड. शेळीचं नाव सातबाऱ्यावर लागत न्हाय.

पण समदा भांबुर्डा संपवू नको. केतन दोस्तांना घेऊन पोपटीला येणार हाय, मडक्यात हाच पाला घालून शेंगा भाजाया. हिकडं बाजारात भांबुर्ड्याची जुडी इकत घ्यावी लागते. घरचं आसताना इकत कशाला? हे तुला तरी पटंल.

गोदू

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

बोरखळ
१२ डिसेंबर

ती. गोदूवहिनींस नमस्कार.

साडी चांगली आहे. रंग आवडला. हे आधी लिहिते.

तुमचा शब्द म्हणून चंदरला शेळ्या घेऊन बोलावलं. तो आला, शेळ्या आल्या. त्यांनी तुमच्या भांबुर्ड्याचा वास घेतला, दोघी शिंकल्या, आणि सगळ्या मिळून दगड ओलांडून माझ्या वालात उतरल्या. मी काठी घेऊन धावले. चंदर दगडावर बसून म्हणाला, "काकी, शेळीला पण चव हाय." त्याला म्हटलं, तुझ्या शेळ्या आवर, नाहीतर चव कोणाला आहे ते मी दाखवते. तर शेळ्यांचं हे असं झालं. वालाचा एक कोपरा गेला तो तुमच्या सल्ल्याच्या खाती.

आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. सकाळी पूजा आटोपून शेतात गेले आणि तुम्हाला नीट लिहिता यावं म्हणून जागोजाग मातीत बोट खुपसून पाहिलं. माझ्या भागात अगदी खाली, चिंचेकडे, बोटाच्या दुसऱ्या पेराला गार लागतं. मधे आलं की बोट पुरं घालावं लागतं. दगडाजवळ बोट जातच नाही, नख दुखतं. मग दगडाच्या पलीकडे वाकून तुमच्या भांबुर्ड्याच्या बुडाशी पाहिलं. तिथली माती भाकरीच्या तव्यावरून काढल्यासारखी. तुमच्या जमिनीला बोट लावलं, हेही लिहून ठेवते. पेरलं काही नाही.

जमीन झोपली आहे म्हणता. जमीन झोपली असेल, पण तिच्या अंगावर जे उभं आहे ते झोपत नाही. ते दिवसभर पितं. आणि दुसऱ्याचं पोट भरलं की थांबावं हे त्याला ठाऊक नाही. मी माझा भाग दोनदा बेणला. वरची माती खुरप्यानं मोकळी केली, म्हणजे पांघरुणासारखी खालची ओल धरून राहते. माझ्याकडून जे होतं ते सगळं केलं. पण पंगतीत वरच्या पाटावर बसलेल्यांनी सगळा भात वाढून घेतला तर खालच्यानं आपलं पान कितीही स्वच्छ पुसून उपयोग काय? दगडालगतच्या वालांची पानं पिवळी पडलीत. कळ्या धरतात आणि गळतात.

वाल दाट टाकले नाहीत. सासूबाई मला जास्त टाकतेस म्हणायच्या ते मिठाबद्दल.

ह्यांना म्हटलं, तुमच्या वहिनी आहेत, तुम्ही एकदा बोला. हे मुरुडच्या लॉजवरून बागेचं काम करून आले होते, पाय धुता धुता म्हणाले, "तुम्हा दोघींच्या मधे चार दगड आहेत ते पुरेत. मी पाचवा कशाला?" आणि हसले. मला हसू आलं नाही.

वहिनी, तुम्ही तिकडे आणि शेत इकडे. मी उपटून टाकला तर कोण बघणार आहे? पण माघी चतुर्थीला पालीला बल्लाळेश्वरापुढे या शेतातल्या पहिल्या शेंगा ठेवायच्या असतात. नाही म्हटलेलं असताना उपटून पिकवलेल्या शेंगा मी त्याच्यापुढे ठेवणार नाही. म्हणून पुन्हा विचारते. अजून वेळ आहे, पण फार नाही.

आपली,
शकू

कामोठे
२३ डिसेंबर

शकूस आशीर्वाद.

तुझ्या बोटाचं वाचलं. आता माझं ऐक. हे मी तुझ्या भाऊजींना सोडून कोणाला सांगितलं न्हाय.

माझ्या बापाचं पेणकडं खारेपाटात शेत व्हतं. बाप मुंबईला गोदीत कामाला, शेत पड. शेजारी एक व्हता. गोड बोलायचा. बापाला म्हणाला, "दादा, तुमच्या शेतातल्या गवताचा आमाला तरास व्हतो. मी बेणून देतो, फुकाट." बाप म्हणाला, बेण. पुढल्या साली म्हणाला, बेणलंय तर भात लावतो, दोन मण तुमच्या घरी पोचते करतो. केले पण. मी लहान व्हते, त्या तांदळाचा भात मी जेवलेय. तिसऱ्या का चवथ्या साली त्याचं कूळ म्हणून नाव लागलं. बाप कचेरीत हेलपाटे घालून थकला. आन् माझी आय, शकू, त्याच शेतात मजुरीला जायची. आपल्या शेतात वाकून दुसऱ्याचं भात लावायची. मी बांधावर बसून बघायची.

तवा तुझं "मजुरी मागत नाही" वाचलं आन् मला त्यो शेजारी आठवला.

तू तो मानूस न्हायस. पण पयल्या साली तोबी न्हवता.

म्हणून हात लावायचा न्हाय. राग धर, पण लावू नको.

केतन ११ तारखेला येतोय. त्याच्याबरोबर चार दोस्त. कोंबडी, अंडी, बटाटे ते आणतील. शेंगा घरच्या घाल. पोरं शहरातली हायत, त्यांना आपले वाल खाऊ दे.

गोदू

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

बोरखळ
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ती. गोदूवहिनींस नमस्कार. तिळगूळ केतनच्या हाती द्यायचा राहिला, तो पुढे कोणाबरोबर तरी पाठवीन.

तुमचं पत्र वाचलं. तुमच्या वडिलांचं मला ठाऊक नव्हतं. ते मी दोनदा वाचलं. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण राग गिळता येतो, वाल वाळायचे ते वाळतातच. शेतात पत्र वाचून दाखवलं तरी त्यांना ओल मिळत नाही.

तर पोपटी झाली. कशी झाली ते ऐका.

केतन आणि त्याचे मित्र शनिवारी उन्हं कलताना आले. पोरं गुणी आहेत, चपला ओळीत काढल्या. केतन आल्या आल्या शेतात गेला आणि परत येऊन म्हणाला, "काकी, शेंगा कुठायत?" मी म्हटलं, माजघरात टोपलीत. तो म्हणाला, "त्या नाही गं, शेतातल्या." मी त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. टोपलीतल्या शेंगा मी सकाळी मुरुडच्या बाजारातून आणल्या होत्या. काय भावानं ते लिहीत नाही, लिहिलं की तुम्ही पुन्हा रिक्षा काढाल. वालाच्या घरी विकतच्या शेंगा आल्या, वहिनी. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे पहिल्यांदा. पिशवी पदराखाली धरून आणली. तरी रंगूनं पाहिलंच. म्हणाली, "काय गं, बाजारातून काय आणलंस झाकून?" मी म्हटलं, औषध.

भांबुर्डा मात्र घरचा होता, भरपूर होता. ह्यांनी पोरांना दगडाजवळ नेऊन सोडलं, म्हणाले, "इथला घ्या, इथं दाट आहे." पोरांनी उपटायला सुरुवात केली ती थांबेनात. दोन मडक्यांना पुरेल एवढा झाला, मग एक म्हणाला, आमच्या सोसायटीत पण पोपटी करू, न्यायला पोतं आहे का. माझ्याकडचं तांदळाचं पोतं दिलं. ते भरलं, मग दुसरं मागितलं. दगडालगतचा तुमच्या बाजूचा सगळा पट्टा मोकळा झाला. मी हात लावलेला नाही. तुमच्या मुलानं उपटला, तुमच्या शेतातला, तुमच्या घरी नेला.

मग मडकी लावली. तळाला भांबुर्डा, त्यावर ओवामीठ चोळलेल्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, कोंबडी, तोंडाला पुन्हा भांबुर्डा कोंबून मडकं उलटं. भोवती पेंढा, गोवऱ्या. मी कोंबडीच्या मडक्याला शिवत नाही, लांब ओट्यावर बसले होते. केतनचा एक मित्र विचारत होता, "पाणी किती घालायचं?" केतन म्हणाला, "पाणी नाही घालत. पाल्याच्या ओलीवर शिजतं." तो मित्र म्हणाला, "भारी आहे हे. एवढी ओल असते त्या पाल्यात?"

मी मनात म्हटलं: असते हो. एवढी ओल असते त्या पाल्यात. दोन महिने तो ती जमवत होता. कोणाची, ते त्या मडक्याला विचारा. माझ्या वालांची ओल पाल्याच्या पोटात, आणि तिच्यावर बाजारातल्या शेंगा शिजतायत, आणि मी ओट्यावर बसून पोरांना म्हणतेय, जपून रे, चटका बसेल.

सकाळी निघण्याआधी केतननं विचारलं, "काकी, तुझ्या वालाला झालं काय?" मी म्हटलं, आईला विचार. म्हणाला, "आई म्हणते तिकडे नुसतं गवत आहे, गवत काय करतंय." मी त्याला शेतात नेलं. म्हटलं, बोट घाल. आधी चिंचेजवळ, मग दगडाजवळ, मग तुमच्या भांबुर्ड्यात. त्यानं घातलं. तिसऱ्यांदा बोट बाहेर काढून बराच वेळ बघत राहिला. मग बोट पुसून मित्रांकडे गेला. तुम्हाला काही बोलला असेल तर लिहा.

आपली,
शकू

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

बोरखळ
९ फेब्रुवारी

ती. गोदूवहिनींस नमस्कार.

संक्रांतीच्या पत्राचं उत्तर नाही. पत्र पोचलं नाही की राग आला, ते कळायला मार्ग नाही. फोन लावला तर तुम्ही "कोण? कोण?" म्हणून ठेवून दिलात. तरी लिहिते, कारण एक झालंय ते तुम्हाला कळायला हवं.

माझे वाल गेले. खालच्या अर्ध्यातले. चिंचेजवळचेसुद्धा शेवटी मान टाकून बसले. शेंगा आहेत, पण आत दाणा नाही, फुंकर मारली तर उडतील. मी एका सकाळी तिथेच बसून राहिले. सासूबाईंचं बी माझ्या हातून संपलं, आता होळीनंतर मडक्यात काय भरू, हेच डोक्यात.

उठताना सहज वर पाहिलं. दगडालगतच्या ओळी, ज्या सगळ्यात आधी पिवळ्या पडल्या होत्या, त्याच हिरव्या. पुन्हा फुलावर आलेल्या, खालच्या फांद्यांना शेंगा. मला वाटलं उन्हानं डोळे दिपलेत. जवळ गेले, बोट घातलं. गार लागलं, वहिनी. दुसऱ्या पेराला गार लागलं.

केतननं आणि त्याच्या मित्रांनी जिथला भांबुर्डा उपटला तेवढ्याच पट्ट्याखालच्या ओळी तगल्या. त्याच्या पुढे, जिथे पोरांची पोती भरली आणि ती थांबली, तिथे माझे वालही थांबले. रेघ मारल्यासारखं. आणखी दोन पोती दिली असती तर अर्धं शेत वाचलं असतं. घरात होती, फाटकी म्हणून दिली नाहीत.

माघी चतुर्थीला त्याच ओळींतल्या मूठभर शेंगा घेऊन पालीला गेले. देवापुढे ठेवताना खरं ते सांगितलं, की ह्या माझ्या कष्टाच्या नाहीत, पोरांच्या पोपटीच्या आहेत.

येताना गाडीत एक सुचलं, ते मांडते. तुम्हाला बेणणीची भीती वाटते, ती मला कळली. मग आपण तिला बेणणी म्हणूच नये. पोपटी म्हणू. भांबुर्डा कोणीही कोणाच्याही शेतातून नेतो, ही या गावाची पहिल्यापासूनची रीत. भांबुर्डा उपटून कोणी कूळ झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी दरवर्षी तुमच्या अर्ध्यातला भांबुर्डा पोपटीसाठी उपटीन. खाईन न खाईन. तलाठी आला तर त्याला शेंगा देईन.

एवढ्याला तरी हो म्हणा.

आपली,
शकू

कामोठे
२० फेब्रुवारी

शकूस आशीर्वाद.

राग आला व्हता. आता कमी हाय.

केतननं घरी येऊन सांगितलं. बाजारच्या शेंगांचं पण सांगितलं. त्याला कशा कळल्या इचारलं तर म्हणाला, "आई, आपले वाल कडवट असतात, त्या गोड होत्या." पोराला चव हाय म्हणायची. तू पदराखाली धरून आणल्यास हे वाचून मला बरं न्हाय वाटलं. माझ्यामुळं तुला झाकून चालावं लागलं.

मग तो मला गॅलरीत घेऊन गेला. माझी तुळशीची कुंडी हाय, रोज पाणी घालते तरी मान टाकते. कुंडीत आपसूक गवत आलंय, हिरवं दिसतं म्हणून मी ठेवलं व्हतं. तो म्हणतो, घाल बोट. म्हातारपणी मला मातीत बोट घालाया लावता तुमी काकी-पुतण्या. घातलं. गवत काढून टाकलं. तुळस आता उभी हाय. हे तुला सांगणार न्हवते.

तर ऐक. पोपटीसाठी भांबुर्डा उपट. माझी ना न्हाय. पण हाताने उपटायचा. खुरपं लावायचं न्हाय. हाताने उपटला तर पोपटी, खुरपं लावलं तर ती शेती झाली. आन् दत्तजयंतीच्या आधी न्हाय. त्याच्या आधी कोण पोपटी करतं? उगा लोक इचारतील.

बी किती ऱ्हायलं ते लिव.

गोदू

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

बोरखळ
५ मार्च

ती. गोदूवहिनींस नमस्कार.

तुळस उभी राहिली, वाचून बरं वाटलं. कुंडीतलं गवत तुम्ही ज्या दिवशी पाहिलंत त्याच दिवशी काढलंत. माझ्या शेताला मात्र दत्तजयंतीची वाट पाहायला लावता.

तुमच्या अटी मी ह्यांना वाचून दाखवल्या. हे म्हणाले, "खुरपं लावलं तर शेती! वहिनींनी वकील व्हायला हवं होतं." पण मला त्या अटींचा उपयोग नाही, आणि हे स्पष्ट लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी आपण दोघी पुन्हा हीच पत्रं लिहीत बसू. पोपटीला भांबुर्डा गुडघाभर लागतो. आणि तो गुडघाभर झाला म्हणजे ओल त्याच्या पोटात गेलेली असते. मग तो उपटा, भाजा, त्याची पूजा करा, गेलेली ओल जमिनीत परत येत नाही. यंदा चार ओळी वाचल्या त्या उरल्यासुरल्या ओलीवर. दोन बोटांचा असतानाच काढला तर वालाला ती मिळते. दोन बोटांचा भांबुर्डा हातानं काढायला गेलं की मानेला तुटतो आणि दुप्पट फुटतो. तिथे खुरपंच लागतं. म्हणजे तुम्ही परवानगी दिलीत ती नेमकी उपयोग संपल्यावरची. मला मान्य आहे की तुम्ही मन मोठं करून दिलीत. पण जेवण झाल्यावर वाढलेलं पान आहे ते.

बी विचारलंत. दगडालगतच्या ओळींतल्या शेंगा वाळवल्या, झोडल्या, सुपात घोळल्या. किडका दाणा काढला. अर्ध्या पायलीला थोडं कमी भरलं. बाकी सगळं पोचट, गुरांना घातलं. एवढं बी अर्ध्या शेतालाच पुरेल, आख्ख्याला नाही.

आता माझं म्हणणं. हे बी मी एकटी खालच्या अर्ध्यात टाकणार नाही. टाकलं, आणि वर पुन्हा भांबुर्डा उभा राहिला, तर पुढच्या साली एक दाणा उरायचा नाही. म्हणून या बियाचे दोन वाटे करते. एक तुमचा, एक माझा. दिवाळी झाली की तुम्ही आठ दिवस इथे या. तुमच्या वाट्याचं बी तुमच्या अर्ध्यात, दगडाला लागून, तुमच्या हातानं टाका. मी माझं खालून दगडापर्यंत आणते. खुरपं मी धार लावून ठेवीन, पण तुमच्या भागात ते धरायचं तुम्ही. तुमचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. पाट देते बसायला, आणि केतनला सुट्टी काढायला लावा, त्याला आता बोट घालता येतं. पीक तुमचं, शेंगा तुमच्या. तलाठ्याच्या फोटोत तुम्ही उभ्या राहा, मोरपिशी साडी नेसायला देते. मी दगडाच्या अलीकडे राहीन, सावलीसुद्धा पलीकडे पडू देणार नाही.

तुमच्या आईंनी दुसऱ्याच्या झालेल्या शेतात वाकून काम केलं. तुमचं शेत अजून तुमचं आहे. त्यात तुम्ही वाकायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही. हे लागलं असेल तर माफ करा, पण खोडत नाही.

आणि यायचं नसेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही, म्हणजे रागवीन, पण ते माझं मी बघेन. मग दोन वाटे करण्यात अर्थ नाही. सगळं बी एकत्र भरून आगरदांड्याच्या बोटीनं दिवेआगरला माझ्या धाकट्या बहिणीकडे, मृणालीकडे, नेऊन देईन. तिच्या वाडीत शिंपण आहे, तिथे ते जगेल. पण तिथलं बी पाण्याला सोकावतं. पुन्हा आपल्या कोरड्या शेतात आणून टाकलं तर उभं राहील असं मला वाटत नाही. सासूबाईंचे वाल राहतील, पण या शेतातून ते गेले म्हणून समजायचं.

दरवर्षी होळीची राख आणून तीत बी भरून ठेवतो, ते तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलंत. राखेतल्या बियाला भुंगा लागत नाही. होळी पुढच्या आठवड्यात गुरुवारी आहे. माझं नेहमीचं मडकं आहेच. माळ्यावरचं तुमचं जुनं, काठाला टवका उडालेलं, तेही काढून घासून अंगणात उन्हाला पालथं घातलंय. बी अजून सुपातच आहे. राख धरून ठेवीन, पण बी फार दिवस उघडं ठेवता येणार नाही.

म्हणून बाकी काही लिहू नका. रिक्षाचं नको, साडीचं नको. मडकं एक भरू की दोन, एवढंच उलट टपाली कळवा.

आपली,
शकू